छप्पर नसलेला वर्ग: आयएनएस तरंगिणी ⛵

नौदलाच्या प्रशिक्षणार्थींची एक शाळा चक्क शिडाच्या जहाजावर भरते! गोवा शिपयार्डने बांधलेली तरंगिणी १९९७ मध्ये नौदलात आली. तीन डोलकाठ्या, वीस शिडं. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतीय नौदलाच्या जहाजाची ती पहिलीच!

इथला अभ्यास अंगमेहनतीचा. शीड गुंडाळायचं तर डोलकाठीवर चढा, पायाखालच्या दोरावर उभे राहा, आडव्या काठीला पोट टेकवा आणि दोन्ही हातांनी कापड ओढा. भर दुपारी सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून अक्षांश काढा. रात्रीचा पहारा पाळीपाळीने.

जीपीएसच्या काळात हे कशाला? वारा, लाटा आणि प्रवाह पुस्तकातून नाही, अंगावर घेऊनच कळतात म्हणून.

तिची धाकटी बहीण सुदर्शिनीही गोव्याचीच, २०१२ पासून सेवेत.