भाषाविकारांचे मूल्यमापन व उपचार

भाषाविकार म्हणजे बोललेली किंवा लिहिलेली भाषा समजण्यात, अथवा मनातील आशय शब्दांत व वाक्यांत मांडण्यात येणारी टिकाऊ अडचण होय. ही अडचण बालपणी भाषा आत्मसात करतानाच दिसू शकते, किंवा मेंदूला इजा झाल्यामुळे पूर्वी अवगत असलेली भाषा कमी-अधिक प्रमाणात नाहीशी होऊ शकते. मूल्यमापनाचा हेतू विकाराला केवळ नाव देणे हा नसतो. भाषेचा कोणता भाग बाधित आहे व कोणता शाबूत आहे हे त्यातून शोधले जाते आणि उपचारांची दिशा त्यावरूनच ठरते.

भाषा आणि वाचा

भाषाविकार व वाचादोष या भिन्न गोष्टी आहेत. ‘र’ऐवजी ‘ल’ म्हणणे किंवा तोतरे बोलणे हे वाचेचे दोष होत. त्यांत शब्दसंपत्ती व वाक्यरचना निर्दोष असू शकते. याउलट, उच्चार अगदी स्पष्ट असूनही शब्द न आठवणे, वाक्य न जुळणे किंवा ऐकलेल्या वाक्याचा अर्थ न लागणे हा भाषाविकार होय. खुणांची भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींनाही मेंदूच्या डाव्या भागास इजा झाल्यावर खुणा जुळवण्यात किंवा समजण्यात अडचण येते. भाषा ही केवळ जिभेची व कानाची क्रिया नाही, हे यावरून दिसते. भाषाविकार म्हणजे बुद्धिमांद्य, हा समजही चुकीचा आहे.

बालपणातील भाषाविकार

सर्वसाधारणपणे मूल वर्षाच्या सुमारास पहिला शब्द उच्चारते आणि दोन वर्षांच्या सुमारास ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची वाक्ये बोलू लागते. उशिरा बोलणारी अनेक मुले पुढे इतरांची बरोबरी करतात. मात्र दोन वर्षांनंतरही शब्द न जोडणे, साधी सूचना न समजणे, बोटाने वस्तू न दाखवणे किंवा येत असलेले शब्द विसरणे ही लक्षणे दिसल्यास ‘मोठेपणी बोलेल’ म्हणून थांबून न राहता तपासणी करून घेणे आवश्यक असते.

श्रवणदोष, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता यांपैकी काहीही नसताना टिकून राहणाऱ्या अडचणीस विकासात्मक भाषाविकार म्हणतात. डोरोथी बिशप यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञगटाने 2016-17 मध्ये या संज्ञेवर सहमती घडवून आणली. अमेरिका व इंग्लंडमधील पाहण्यांत शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे 7 टक्के मुलांत तो आढळला. हा विकार अनेकदा एकाच कुटुंबातील अनेकांत आढळतो. घरात दोन भाषा बोलल्यामुळे तो होत नाही. द्विभाषिक मुलाला विकार असल्यास तो दोन्ही भाषांत दिसतो. केवळ शाळेच्या भाषेत अडखळणारे मूल ती भाषा अद्याप शिकत असू शकते.

मुलांचे मूल्यमापन

प्रथम श्रवण तपासणी केली जाते. त्यानंतर पालकांकडून मुलाच्या वाढीची माहिती घेणे, खेळताना निरीक्षण करणे, चित्रांवरून गोष्ट सांगायला लावणे व प्रमाणित चाचण्या असा क्रम असतो.

चाचणी मुलाच्या भाषेसाठीच घडवलेली असावी लागते. इंग्रजी चाचणीचे नुसते भाषांतर मराठी मुलासाठी पुरेसे नसते. मराठीत ‘कुत्रा पळाला’, ‘गाय पळाली’, ‘मांजर पळाले’ असे क्रियापद लिंगानुसार बदलते आणि ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना सामान्यरूप साधावे लागते. ‘घोडाला’ अशी चूक लहान मुले स्वाभाविकपणे करतात. ती कोणत्या वयापर्यंत टिकते, हे महत्त्वाचे ठरते. वाचन व लेखनातील अडचणी ओळखण्यासाठी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे चाचणीसाधन मराठीतही उपलब्ध आहे.

प्रौढांतील वाचाघात

मेंदूला इजा झाल्याने भाषा गमावणे यास वाचाघात किंवा ॲफेझिया म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन येणारा झटका हे त्याचे प्रमुख कारण असून अशा सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतील डाव्या पुढील भागाची इजा दाखवून दिली. 1874 मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी अस्खलित पण निरर्थक बोलणे व आकलन कमी असणे या वेगळ्या प्रकाराचे वर्णन केले.

तपासणीत उत्स्फूर्त बोलणे, आकलन, ऐकलेले पुन्हा म्हणणे, वस्तूंची नावे सांगणे, वाचन व लेखन हे घटक स्वतंत्रपणे पाहिले जातात. अनेक भाषा जाणणाऱ्या रुग्णाच्या सर्व भाषा सारख्याच प्रमाणात परततात असे नाही. त्यामुळे आजारापूर्वी घरी, बाजारात व कामावर तो कोणती भाषा वापरत होता हे विचारणे आवश्यक असते.

उपचार

मुलांसाठी खेळ, गोष्टी व रोजचे व्यवहार यांतून भाषेचे सराव घडवले जातात. मूल ‘कुत्रा पळाली’ म्हणाले, तर न रागावता ‘हो, कुत्रा पळाला’ असे योग्य रूप त्याला ऐकवले जाते. पालकांना ही पद्धत शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे. शाळेत लहान सूचना, चित्रांचा आधार व उत्तरासाठी अधिक वेळ यांचा उपयोग होतो.

वाचाघातात शब्द आठवण्यासाठी अर्थाचे धागे वापरतात. ‘विळी’ आठवत नसल्यास ती कशासाठी वापरतात, कोठे असते, तिला काय जोडलेले असते, असे विचारले जाते. लय व सूर यांच्या आधाराने वाक्ये बोलवून घेणारी पद्धत 1973 मध्ये मांडली गेली. बोलणे फारच मर्यादित असल्यास चित्रफलक व हावभाव वापरतात. कुटुंबीयांनी लहान वाक्ये बोलावीत, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तराची वाट पाहावी आणि रुग्णाच्या देखत त्याच्या वतीने निर्णय घेऊ नयेत, असे सुचवले जाते. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. तथापि त्यानंतरही उपचारांचा लाभ होऊ शकतो.

भारतातील सेवा व कायदा

मैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था 1965 मध्ये, तर मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 मध्ये स्थापन झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये कायमस्वरूपी वाचाघाताचा समावेश वाचा व भाषा दिव्यांगत्वात केला आहे, तर विकासात्मक वाचाघात विशिष्ट अध्ययन अक्षमतेत मोडतो. त्यामुळे योग्य मूल्यमापन उपचारांबरोबरच कायदेशीर हक्कांसाठीही आवश्यक ठरते.