'सापडत नाही' या संदेशाचा अर्थनिर्णय

व्यापारी संस्थांचे हिशेब, मालसाठा व पगारपत्रके सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीत एखाद्या दिवशी 'सापडत नाही' असा संदेश उमटतो आणि सर्व व्यवहार थांबतात. जे सापडत नाही ते कधी प्रमाणपत्र असते, कधी किल्ली. प्रश्न तंत्रज्ञांचा खरा. परंतु त्याच्या मुळाशी अर्थविचाराचा प्रश्न आहे. या एका 'नाही'खाली निदान तीन भिन्न अवस्था दडलेल्या असतात, आणि त्यांची फोड केल्यावाचून उपाय संभवत नाही.

प्रथम संज्ञांचा विचार करू. १९७६ साली डिफी व हेलमन यांनी मांडलेल्या कल्पनेनुसार किल्ल्यांची जोडी असते : एक सार्वजनिक, दुसरी खाजगी. 'ही सार्वजनिक किल्ली अमुकाची आहे' अशी सहीनिशी दिलेली ग्वाही म्हणजे प्रमाणपत्र होय. ते कोणालाही दाखविता येते. खाजगी किल्ली मात्र गुप्त राखावयाची असते. प्रमाणपत्रावरून ती काढता येत नाही. किंबहुना ती तशी काढता येऊ नये, यावरच सारी सुरक्षितता उभी आहे.

पहिली अवस्था अशी की, वस्तू आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवण्यास आधार नाही. जावा भाषेत लिहिलेल्या प्रणाली अशा वेळी 'वैध प्रमाणन-मार्ग सापडला नाही' या आशयाचा संदेश देतात. समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र हाती आलेले असते; परंतु ते देणाऱ्या संस्थेचे मूळ प्रमाणपत्र आपल्या विश्वसनीयांच्या यादीत नसते, किंवा मधला दुवा त्या सर्व्हरने पाठविलेला नसतो. तुटलेला दुवा खात्री करून जोडणे हाच येथे उपाय. तपासणीच बंद करणे म्हणजे पहारेकऱ्याला निरोप देणे होय.

दुसऱ्या अवस्थेत वस्तू आहे, पण ती वाचण्याचा अधिकार नाही. विंडोजवर 'कीसेट अस्तित्वात नाही' असा संदेश पुष्कळदा याच कारणाने येतो. व्यवस्थापकाच्या खात्यातून काम चालते आणि प्रणालीच्या सेवाखात्यातून अडते, ही याची खूण. त्या एका खात्यास खाजगी किल्ली वाचण्याची अनुमती दिली की भागते. ती सर्वांस देण्याचे कारण नाही.

तिसरी अवस्था म्हणजे खरा अभाव. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून संपूर्ण डेटाबेस कूटबद्ध करण्याची सोय आहे. डेटाबेसची किल्ली त्या डेटाबेसमध्येच असते. पण तिला कुलूप घालणारे प्रमाणपत्र व त्याची खाजगी किल्ली सर्व्हरच्या 'मास्टर' डेटाबेसमध्ये राहतात. म्हणून बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडू जाता ३३१११ क्रमांकाची त्रुटी येते : अमुक थंबप्रिंटचे, म्हणजे अंगठ्याच्या ठशाचे, प्रमाणपत्र सापडत नाही. नवखा मनुष्य त्याच नावाचे नवे प्रमाणपत्र तयार करतो आणि ते निरुपयोगी ठरते. नाम तेच असले म्हणून नामी तोच ठरत नाही. सर्व्हर नाव पाहत नाही, ठसा पाहतो. जुन्या सर्व्हरवर त्या ठशाचे प्रमाणपत्र शोधावे, खाजगी किल्लीसह पासवर्ड घालून फाइलींत उतरवावे आणि नव्या सर्व्हरवर त्या फाइलींवरून पुन्हा उभे करावे, हा योग्य मार्ग होय.

जुना सर्व्हर, त्याच्या 'मास्टर'चा बॅकअप आणि किल्लीची प्रत यांपैकी काहीच उरले नसेल, तर बॅकअप अभंग असूनही वर्षानुवर्षांचे हिशेब कायमचे मूक होतात. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी लिनिअर बी ही लिपी द्वैभाषिक लेखाच्या आधारावाचून उलगडली. कारण लिपीत भाषेच्या प्रत्ययांची आवर्तने टिकून असतात. आधुनिक कूटलेखनात अशी आवर्तने शिल्लकच ठेवलेली नसतात.

म्हणून संदेश दिसताच तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : वस्तू आहे काय? असल्यास ती वाचता येते काय? वाचता आल्यास तिच्या ग्वाहीस आधार आहे काय? दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नास नकार आला, तर दुरुस्ती शक्य आहे. पहिल्या प्रश्नास नकार आला आणि हरवलेली वस्तू खाजगी किल्ली असली, तर तिची पूर्वी काढलेली प्रत हाच एक आधार. प्रमाणपत्राची प्रत काढली नसल्यास डेटाबेसची किल्ली घडवितानाच एस्क्यूएल सर्व्हर तसा इशारा देतो. तो वाचून ती प्रत व तिचा पासवर्ड बॅकअपपासून वेगळ्या ठिकाणी ठेवावा, आणि दुसऱ्या यंत्रावर बॅकअप एकदा उघडून पाहावा. तो तेथे उघडला, तरच किल्ली आपल्या हाती आहे असे म्हणता येते.