पकडीच्या मुठीवरील दोन त्रिकोण

बेळगाव-निपाणीकडील वायरमनच्या हाती आज दिसणाऱ्या जाड आवरणाच्या पकडीमागे मोठा इतिहास आहे. विजेच्या आरंभकाळी कारागीर लोखंडी मुठींवर रबरी नळी चढवून अथवा चिकटपट्टी गुंडाळून जीव सांभाळीत. पुढे प्लॅस्टिकची आवरणे आली आणि नाशिकच्या टपारिया कारखान्याने १९६९ पासून स्वीडिश तंत्रसाहाय्याने हत्यारे घडविण्यास आरंभ केल्यावर ती आपल्याकडील बाजारपेठांतही रुळली.

ज्या १९५६ साली बेळगाव-निपाणीचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याच सालच्या भारतीय विद्युत नियमावलीत हातमोजे, रबरी बूट आदी साधनांची तरतूद होती. मात्र केवळ मूठ प्लॅस्टिकची असली म्हणजे हत्यार विद्युतरोधक ठरते, हा समज अत्यंत घातक होय. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असे हत्यार पाण्यात बुडवून १०,००० व्होल्टच्या दाबाखाली तपासले जाते, तेव्हाच त्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट हा आकडा उमटतो. आपल्या घरातील २३० व्होल्टच्या मानाने ही कसोटी किती कठोर आहे, हे ध्यानी घ्यावे! निपाणीत कर्नाटकातील हेस्कॉम कंपनीची वीज, पलीकडे महाराष्ट्रातील कागलात महावितरणची. पण धोका दोहोंकडे तोच. सबब खरेदी करताना ती खूण अवश्य पाहावी, आणि आवरणास चीर पडली की ते हत्यार विजेच्या कामातून तत्काळ बाद करावे.