चित्र पेटींत, नोंद वहींत

आपल्या सुशिक्षित कुटुंबांत ग्रंथसंग्रहाची हौस जुनी आहे. चित्रपटसंग्रहाची त्या मानानें अलीकडची. तथापि आजोबांनीं जपलेलीं बोलपटांच्या गाण्यांचीं पुस्तकें, काकांनीं मिळविलेलीं भित्तिपत्रकें आणि मुलांनीं जमविलेल्या तबकड्या आज पुष्कळ घरीं एकत्र नांदतात. या संग्रहाचें मोल केवळ हौसेपुरतें मानूं नये. 'आलम आरा' हा भारतांतील पहिला बोलपट १९३१ सालीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत झळकला. आज त्याची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. त्याचें रूप आपणांस दिसतें तें त्या काळचीं छायाचित्रें व जाहिराती यांवरूनच. प्रसंगीं चित्रपट नष्ट होतो आणि त्याचा कागद मागें उरतो, तो असा.

परंतु कागद तरी किती टिकणार? नव्या मुंबईंतील शिरवणें हें जुनें गांवठाण ठाण्याच्या खाडीपासून लांब नाहीं. अशा ठिकाणीं पावसाळाभर कपाटांतील कागदास ओल व बुरशी यांचें भय असतें. म्हणून भित्तिपत्रकाचें मोठें, स्पष्ट चित्र स्कॅनरनें उतरवून संगणकांत ठेवणें इष्ट होय. येथेंच प्रश्न उद्भवतो: चित्रपटांची नोंद ज्या डेटाबेसमध्यें करावयाची, त्याच्याच पोटांत हीं अवजड चित्रें भरावीं काय?

भरूं नयेत, असें आमचें मत आहे. हिशेब करून पाहावा. ३० इंच रुंद व ४० इंच उंच भित्तिपत्रक दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणानें उतरविलें, तर १० कोटि ८० लक्ष बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरल्यास, आकुंचित न केलेलें एकच चित्र ३२ कोटि ४० लक्ष बाइटांचें भरतें. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एका डेटाबेसची मर्यादा दोन गिगाबाइट. तींत अशीं सहा चित्रें मावतील, सातव्यास जागा नाहीं. आकुंचित चित्रें अधिक मावतील हें खरें. पण त्यानें अडचण टळत नाहीं, लांबते इतकेंच. २००६ सालीं मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं केलेल्या तुलनेंतहि २५६ किलोबाइटांहून लहान वस्तु डेटाबेसमध्यें आणि एक मेगाबाइटाहून मोठ्या वस्तु स्वतंत्र फाइलींत ठेवणें सोयीचें ठरलें.

आमच्या भगिनींस हें तत्त्व नवें वाटणार नाहीं. दागिने पेटींत असतात. वहींत असते ती कोणता दागिना कोणत्या पेटींत आहे एवढीच नोंद. तद्वत् डेटाबेसमध्यें चित्रपटाचें नांव, साल, दिग्दर्शक व चित्राच्या फाइलीचा पत्ता लिहावा. ओळख पटावी म्हणून टपालाच्या तिकिटाएवढें लहान चित्र मात्र तेथेंच ठेवण्यास हरकत नाहीं.

यांत तीन पथ्यें पाळावीं. पहिलें, फाइलीस चित्रपटाचें नुसतें नांव न देतां अनुक्रमांक द्यावा. 'श्यामची आई' १९५३ सालचा आहे, तसाच २०२३ सालचाहि आहे. दुसरें, पत्ता मुख्य फोल्डरपासून पुढचा तेवढाच लिहावा. संगणक बदलला कीं डिस्कचें अक्षर बदलतें आणि पूर्ण पत्ते एकदम निरर्थक होतात. तिसरें, डेटाबेस व चित्रांचें फोल्डर यांची प्रत नेहमीं बरोबरच घ्यावी, आणि एक प्रत परगांवच्या आप्तांकडे असावी.

या पद्धतींत एक उणीव आहे, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. सर्व कांहीं एकाच डेटाबेसमध्यें असल्यास नोंद व चित्र यांची ताटातूट होत नाहीं. वेगळें ठेवल्यास कोणी फाइल हलवितांच नोंद आंधळी होते. यावर उपाय एकत्र कुटुंबास ठाऊक आहेच: किल्ल्या एकाच्या कमरेस असाव्या. चित्रें पाहण्याची मुभा सर्वांस, हलविण्याचा अधिकार एकास.

पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें हें जतनाचें कार्य राष्ट्राच्या वतीनें चालविलें. पण घरोघरचा प्रत्येक कागद तेथवर पोहोंचत नाहीं. जो आपल्या कपाटांत आहे, त्याची काळजी आपणच वाहिली पाहिजे.