मैफलीतील प्रकाशाचा जमाखर्च

पुण्यात १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव असो, वा गावच्या सभागृहात घरच्या मुलीचे पहिले कथक नृत्य असो. कॅमेरा घेऊन बसलेले रसिक आज सर्वत्र दिसतात. मात्र घरी येऊन छायाचित्रे पाहिली की पुष्कळदा निराशा पदरी येते. गायकाचा चेहरा पांढराफटक, तबल्यावरची बोटे धूसर आणि पुढच्या रांगेतील डोकी मात्र लख्ख. दोष बहुधा कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो. सर्व निर्णय ‘ऑटो’वर सोपविल्याचा असतो.

पहिला नियम म्हणजे फ्लॅश बंद ठेवावा. कॅमेऱ्यातील लहान फ्लॅशचा झोत जेमतेम चार-पाच मीटर पोहोचतो. दहाव्या रांगेतून रंगमंच उजळण्याची आशा व्यर्थ असते. शिवाय कलावंताचे डोळे दिपतात, शेजाऱ्याचा रसभंग होतो आणि प्रकाशयोजनाकाराने साधलेला छायाप्रकाशाचा मेळ पुसला जातो.

फ्लॅश गेला की हाती उरते ती रंगमंचावरील प्रकाशाची मोजकी पुंजी. तिचा हिशेब तीन खात्यांत मांडावा लागतो : अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ. एका खात्यात उचल केली की दुसऱ्यात भरणा आलाच.

अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्र. त्याचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ चौपट प्रकाश आत घेते. मोठ्या झूम भिंगांची किंमत भारी असते. परंतु ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग बरेच स्वस्त असून ते एफ ५.६ च्या सुमारे साडेनऊपट प्रकाश देते. त्यात झूम नसते, म्हणून जागा मात्र पुढची मिळवावी लागते.

शटरचा वेग कार्यक्रमावरून ठरवावा. आलापात रमलेल्या गायकासाठी १/१२५ सेकंद पुरते. तबलावादकाच्या हातांसाठी १/२५० आणि कथकच्या चक्करांसाठी १/५०० सेकंद इतका वेग हवा. १/६० वरून १/२५० वर गेल्यास प्रकाश एक चतुर्थांश होतो. ती तूट भरून काढण्यासाठी आयएसओ चौपट, म्हणजे ८०० चा ३२०० करावा लागतो.

येथेच नवशिक्यांचा हात आखडतो. आयएसओ वाढविला की चित्रात दाणे येतात, या भीतीने ते शटर मंद ठेवतात. वस्तुतः दाणे संगणकावर बरेच कमी करता येतात, हललेला चेहरा मात्र कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. समेवर आलेल्या गायकाच्या मुखावरील तो भाव पुन्हा तसाच येणार नाही. म्हणून तोटा सोसायचाच असेल, तर तो दाण्यांचा सोसावा, क्षणाचा नव्हे.

दुसरी फसगत काळ्या पडद्याने होते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक अंधारी पार्श्वभूमी पाहून ‘प्रकाश अपुरा आहे’ असे समजतो आणि चित्र अधिक उजळ घेतो. त्यात चेहऱ्याचे बारकावे जळून जातात. अशा वेळी स्पॉट मीटरिंग निवडून चेहऱ्यावरूनच प्रकाश मोजावा, अथवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ ठेवावे. फोकस नेहमी डोळ्यांवर असावा. समोरच्या मायक्रोफोनवर तो अडकला, तर सारी मेहनत वाया जाते. रंगीत दिव्यांत रंगांचा समतोल बिघडतो, म्हणून छायाचित्र रॉ स्वरूपात साठवावे. नंतर दुरुस्तीस वाव राहतो.

मोबाइलधारकांनीही नाउमेद होऊ नये. पडद्यावर कलावंताच्या चेहऱ्यावर बोट ठेवून प्रकाश किंचित खाली ओढावा आणि डिजिटल झूम टाळावे. पडद्याची उजळणी कमी ठेवावी, म्हणजे मागच्या रसिकांस त्रास होत नाही.

मिररलेस कॅमेऱ्यांत निःशब्द शटरची सोय असते. मैफलीसाठी ती वरदान खरी, पण काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा वेळी १/१०० सेकंदाचा वेग बहुधा उपयोगी पडतो. तेवढ्याने न भागल्यास यांत्रिक शटर वापरावे, मात्र आवाजाचे भान ठेवून. विलंबित आलापातील शांततेत ‘खट्’ असा एक ध्वनीही खटकतो, तर द्रुत लयीत वा टाळ्यांच्या गजरात तो सहज विरून जातो.

हे सारे आकडे कार्यक्रमापूर्वीच लावून ठेवावेत आणि वाद्ये जुळविली जात असताना दोन-चार चित्रे घेऊन पडताळावेत. मग मैफल सुरू झाल्यावर बटणांशी झटापट उरत नाही. लक्ष गाण्याकडे राहते आणि सम कधी येणार, हे ज्याच्या कानाला कळते, त्याचेच बोट योग्य क्षणी शटरवर पडते.