दक्षिणकाशी वाई : कृष्णामाईच्या उत्सवाची नगरी

देवालयात विराजमान झालेल्या देवतेचा उत्सव गावोगावी होत असतो. परंतु समोरून अखंड वाहणाऱ्या नदीलाच माता मानावे, तिची मूर्ती घाटावरील मांडवात बसवावी, माहेरवाशिणीप्रमाणे तिची ओटी भरावी आणि तिच्यासमोर दिवसेंदिवस कीर्तन-प्रवचनांचा सोहळा मांडावा, असे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे. सातारा जिल्ह्यातील वाई हे अशा भाग्यवान गावांपैकी एक होय. थंडीचा कडाका ओसरू लागला की माघ-फाल्गुनाच्या सुमारास येथे कृष्णाबाईच्या उत्सवास आरंभ होतो. हा उत्सव एका दिवसाचा नव्हे आणि एका आळीचाही नव्हे. गावातील सात आळ्या आपापल्या घाटावर तो क्रमाने साजरा करतात.

स्थानमाहात्म्य

महाबळेश्वराच्या डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर, पंचगंगेच्या प्राचीन मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांतील ज्येष्ठ कृष्णा सह्याद्रीच्या दोन डोंगररांगांमधील खोऱ्यातून पूर्वेकडे उतरते. धोम आणि मेणवली ही गावे मागे टाकली की तिचे पात्र विस्तारते आणि तेथेच तिच्या काठावर वाई वसली आहे. साताऱ्याहून ती सुमारे ३५ किलोमीटरांवर आहे. येथूनच पसरणीचा घाट चढून पाचगणी-महाबळेश्वराकडे जावे लागते. भोवताली पांडवगड आणि वैराटगड पहारेकऱ्यांप्रमाणे उभे आहेत. महाभारतातील विराटनगरी ती हीच, अशी लोकांची श्रद्धा या गडांच्या नावांतूनही डोकावते. धोम या गावाचे नाव धौम्य ऋषींवरून पडले, असेही परंपरा सांगते. तेथील महादेवापुढचा नंदी कमळाच्या आकाराच्या हौदात कासवाच्या पाठीवर विसावलेला आहे. हौद पाण्याने भरला की तो जलावर तरंगत असल्याचा भास होतो.

या परिसराचे प्राचीनत्व केवळ दंतकथांवर अवलंबून नाही. वाईजवळच्या लोहारे येथील पालपेश्वराची लेणी मूळची बौद्ध भिक्षूंची आहेत. तेथे आज महादेवाचे पूजन होते. एकाच डोंगरात दोन परंपरांच्या उपासनेच्या खुणा पाहून या भूमीच्या सहिष्णुतेची साक्ष पटते.

संकटकाळचा नवस

इ. स. १६५९ मध्ये विजापूरचा सरदार अफझलखान स्वराज्यावर चालून आला. वाईचा सुभा त्याच्याकडेच होता. त्याची छावणी येथे पडली, तेव्हा भाविकांच्या मनावर केवढे भय दाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्या घोर प्रसंगी येथील शेंडे नामक शास्त्र्यांनी कृष्णामाईला नवस केला : शिवाजी महाराजांना यश लाभू दे, हे संकट टळू दे, आम्ही तुझा उत्सव करू. त्याच वर्षीच्या १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचा वध झाला आणि नवस फेडण्यासाठी उत्सव सुरू झाला, अशी कथा वाईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या कथेतील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. शास्त्र्यांनी स्वतःसाठी धनसंपत्ती मागितली नाही. त्यांनी राज्याचे आणि प्रजेचे रक्षण मागितले. म्हणूनच हा नवस एका घराचा न राहता साऱ्या गावाचा झाला.

वाईच्या भूमीने पुढेही शौर्य आणि शोक दोन्ही पाहिले. इ. स. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते यांनी देह ठेवला.

घाट आणि देवालये

भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी ही वाईतील सात आळ्यांची नावे होत. या घाटांना आणि मंदिरांना आजचे वैभव आले ते पेशवाईत, आणि त्याचे मोठे श्रेय रास्ते घराण्याकडे जाते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई या याच घराण्यातील कन्या. आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे मंदिर बांधले, तर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये सुप्रसिद्ध ढोल्या गणपतीचे.

या ढोल्या गणपतीच्या मंदिराची रचना प्रत्येक भाविकाने मागील बाजूने जाऊन पाहावी. गजाननाची एकाच पाषाणातून घडविलेली भव्य मूर्ती पाहून नेत्र तृप्त होतात, हे खरेच. परंतु गाभाऱ्यामागची भिंत पाहिली की बुद्धीही तृप्त होते. मंदिर थेट नदीच्या घाटावर असल्याने पावसाळ्यातील पुराचा लोंढा त्यावर आदळणार, हे बांधणाऱ्यांनी ओळखले होते. सपाट भिंतीने त्या लोंढ्याचा सारा भार अंगावर घेतला असता. म्हणून त्यांनी मागील भिंतीस माशाचा आकार दिला. तिच्या टोकाशी पाणी दुभंगते आणि दोन्ही अंगांनी वाहून जाते. नदीशी झुंज न घेता तिला वाट करून देण्याचे हे शहाणपण अडीच शतकांहून अधिक काळ टिकून राहिले आहे.

वाईपासून जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आणि अर्धचंद्राकृती घाट आहे. तेथे टांगलेली प्रचंड घंटा मूळची पोर्तुगीजांच्या चर्चमधील. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर ती मराठी मुलखात आली. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूसह मेरीची आकृती आजही दिसते. घाटावर आणताना ती आकृती कोणी खरवडून टाकली नाही, हेही लक्षात ठेवावे. नानांच्या कागदपत्रांचे ‘मेणवली दप्तर’ मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना तर अमोल ठेवाच वाटते.

विद्येची परंपरा

वाईला ‘दक्षिणकाशी’ म्हणतात ते केवळ घाटांमुळे नव्हे. काशीप्रमाणेच येथे विद्येचा वास राहिला. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढील आयुष्यातील स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळा उभारली. मीमांसाकोश आणि धर्मकोश यांसारखे प्रचंड ग्रंथ याच परंपरेतून निर्माण झाले. १९१७ च्या सुमारास तरुण विनोबा भावे उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे यांच्या अध्ययनासाठी नारायणशास्त्र्यांच्या चरणांशी येऊन बसले होते.

त्याच पाठशाळेत खानदेशातील पिंपळनेरचा एक विद्यार्थी घडला. ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. अस्पृश्यतेस धर्माचा आधार नाही, हे त्यांनी धर्मशास्त्राच्याच आधारे प्रतिपादन केले आणि या प्रश्नावर महात्मा गांधींना शास्त्राधाराचे साहाय्य केले. १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही पुण्यात त्यांनीच केले. ज्यांना शास्त्र म्हणजे केवळ निषेधांची यादी वाटते, त्यांनी वाईचा हा अध्याय अवश्य अभ्यासावा. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या प्रेरणेने मराठी विश्वकोशाचे कार्य याच गावी सुरू झाले. १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि २०१५ मध्ये विसावा. घाटावर पुराण सांगणाऱ्या गावानेच आधुनिक ज्ञानाचे भांडार मराठीत आणले, हा योगायोग खचित नव्हे.

उत्सवाचे स्वरूप

आळीची पाळी आली की घाटावर भव्य मांडव पडतो आणि कृष्णाबाईची मूर्ती तेथे समारंभाने विराजमान होते. पूजा, अभिषेक, आरती, सायंकाळी कीर्तन किंवा प्रवचन, सुवासिनींचे हळदीकुंकू, खणानारळाची ओटी आणि महाप्रसाद असा सोहळा चालतो. ओटीत पडणारी हळद याच खोऱ्यातल्या शेतांत पिकते. एका आळीचा उत्सव संपला की दुसऱ्या आळीची लगबग सुरू होते. नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईस गेलेले वाईकर आपल्या आळीचा दिवस चुकवीत नाहीत. गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे सुमारे बारा वर्षांनी, येणाऱ्या कन्यागत पर्वात तर प्रत्यक्ष गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशी श्रद्धा आहे. यापूर्वीचे हे पर्व २०१६ मध्ये लागले होते.

आता नवस कोणता ?

कृष्णा वाईची खरी, पण ती वाईशी थांबत नाही. माहुलीस ती वेण्णेला, कराडला कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूरच्या संगमेश्वरापाशी वारणेला भेटते. औदुंबरचे दत्तस्थान आणि सांगलीचा गणपती तिच्याच काठावर आहेत. वाईच्या घाटावरून जे पाण्यात सोडले जाईल, ते पुढे याच नदीवर तहान भागविणाऱ्या गावांच्या दारी जाणार, हे उघड आहे. शिवाय वाईच्या वरच्या अंगास आता सुमारे साडेतेरा टीएमसी क्षमतेचे धोम धरण आहे. त्या पाण्याने वाई, सातारा आणि कोरेगावच्या शेतांना हिरवाई दिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि घाटापाशी नदी पूर्वीसारखी स्वच्छंद वाहत नाही. पाणी संथ झाले की निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या आणि सांडपाणी तेथेच साचून राहते. मातेची ओटी भरायची आणि त्याच हातांनी तिच्या पात्रात घाण लोटायची, हे कोणत्या शास्त्रात बसते ?

पूर्वजांनी नवस केला तेव्हा परचक्र दारात होते. आजचे संकट बाहेरून आलेले नाही, ते आपल्याच घरातून निघून घाटाच्या पायऱ्या उतरते. म्हणून यंदा कृष्णाबाईपुढे हात जोडताना प्रत्येक कुटुंबाने एवढा संकल्प अवश्य करावा : निर्माल्य नदीत न सोडता झाडांच्या मुळाशी घालीन, प्लास्टिक घाटावर नेणार नाही आणि माझ्या आळीच्या पायऱ्या माझ्या अंगणाइतक्या स्वच्छ ठेवीन. साताऱ्याच्या भाविकांनी हा संकल्प पाळला, तर सांगलीच्या भाविकांच्या ओंजळीत निर्मळ तीर्थ पडेल. कृष्णामाईस याहून मोठा नैवेद्य तो कोणता ?