घरपोच सोय आणि न मोजलेला वेळ : कर्नाटकच्या गिग कामगार कायद्याने काय दिले, काय राहिले?

बोम्मसंद्रा (बंगळुरू) : बंगळुरूच्या दक्षिण टोकाला होसूर रस्त्यावर वसलेल्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०२५ मध्ये 'नम्म मेट्रो' पोहोचली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही १९.१५ किलोमीटर लांबीची, १६ स्थानकांची पिवळी मार्गिका पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १० ऑगस्ट रोजी सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक सिटीतील संगणक अभियंते आणि बोम्मसंद्रा येथील कारखान्यांचे कामगार यांचा वाहतूक कोंडीत जाणारा वेळ वाचावा, हा या मार्गिकेचा मुख्य हेतू. त्याच महिन्यात कर्नाटक विधिमंडळाने ॲपवरून काम करणाऱ्या गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचे विधेयक मंजूर केले. जेवण, किराणा, औषधे घरपोच देणारे आणि प्रवाशांची ने-आण करणारे हे कामगार आहेत.

या दोन्ही घटना वरकरणी वेगळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी वेळेचाच प्रश्न आहे. नोकरदाराचा प्रवासातील वेळ वाया जातो, हे सर्वमान्य आहे आणि तो वाचवण्यासाठी सार्वजनिक निधी खर्च होतो. परंतु पुढील ऑर्डरची वाट पाहत रस्त्याच्या कडेला दुचाकीवर बसलेल्या कामगाराचा वेळ कोणाच्या खात्यात धरायचा, याचे उत्तर नव्या कायद्यातही मिळत नाही.

कामाच्या तासांचा वाद कोणापुरता?

कामाचे तास किती असावेत, ही चर्चा याच परिसराशी निगडित आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीत विस्तारलेल्या इन्फोसिसचे सहसंस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करण्याची तयारी ठेवावी, असे मत मांडले. त्यावर देशभर वाद झडला. जून २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने दुकाने व आस्थापनांमधील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तास, तर जादा कामासह १२ तास करण्याचा प्रस्ताव चर्चेला आणला. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कामगार संघटनेने त्याला तीव्र विरोध केला.

हा वाद होऊ शकला, कारण नोकरदाराचे तास मोजले जातात. हजेरीची नोंद असते, जादा कामाची व्याख्या असते, साप्ताहिक सुट्टी असते. गिग कामगाराच्या बाबतीत 'कामाचा तास' म्हणजे काय, हेच निश्चित नाही. ॲप सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतचा काळ म्हणजे काम, की ऑर्डर स्वीकारल्यापासून ती पोहोचवेपर्यंतचा काळ म्हणजे काम? मोबदला बहुतांशी दुसऱ्या व्याख्येनुसार मिळतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. समजा, एखादा कामगार दिवसात १० तास ॲपवर उपलब्ध राहिला. त्यांपैकी ६ तास प्रत्यक्ष ऑर्डर पोहोचवण्यात गेले, ४ तास प्रतीक्षेत. त्याला ६०० रुपये मिळाले. ऑर्डरच्या तासांनी भागले तर मिळकत तासाला १०० रुपये दिसते. उपलब्धतेच्या तासांनी भागले तर ती ६० रुपयांवर येते. पेट्रोल आणि दुचाकीची देखभाल यांचा खर्च त्यातून वेगळाच. दोन्ही आकडे खरे आहेत, पण जाहिरातीत पहिला वापरला जातो आणि घरखर्च मात्र दुसऱ्यावर चालतो.

कायद्यात काय आहे?

नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये सुमारे ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करणारे राजस्थान हे पहिले राज्य. तेथे २०२३ मध्ये कायदा झाला. कर्नाटकने त्याच वर्षी गिग कामगारांसाठी २ लाख रुपयांचा जीवन विमा आणि २ लाख रुपयांचा अपघात विमा, असे एकूण ४ लाख रुपयांचे संरक्षण जाहीर केले. मे २०२५ मध्ये अध्यादेश काढला आणि नंतर त्याचे कायद्यात रूपांतर केले.

या कायद्याचे चार मुख्य आधार आहेत. पहिला, नोंदणी : ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी, म्हणजे ॲग्रिगेटरनी, स्वतःची आणि आपल्या कामगारांची नोंदणी कल्याण मंडळाकडे करायची. दुसरा, कल्याण शुल्क : प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिल्या जाणाऱ्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्क्यांच्या मर्यादेत सरकार ठरवेल तेवढी रक्कम कंपनीने कल्याण निधीत भरायची. तिसरा, पारदर्शकता : काम कसे वाटले जाते आणि रेटिंगचा त्यावर काय परिणाम होतो, हे कामगाराला कळले पाहिजे. चौथा, नोटीस : करारातील अटी बदलण्यापूर्वी किंवा कामगाराचे काम कायमचे थांबवण्यापूर्वी कारणांसह १४ दिवस आधी कळवणे बंधनकारक आहे. एखाद्याला शारीरिक इजा झाल्यासारखी गंभीर प्रकरणे त्याला अपवाद आहेत.

मराठी वाचकांच्या दृष्टीने आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. कराराची भाषा सोपी असावी आणि करार कन्नड, इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कामगाराला अवगत असलेल्या भाषेत उपलब्ध असावा, अशी अपेक्षा कायद्यात आहे. मराठी ही त्या अनुसूचीतील भाषा आहे. सोलापूर, कोल्हापूर किंवा बेळगावहून कामासाठी बंगळुरूत आलेल्या तरुणाला आपल्या अटी मराठीत वाचायला मागता येतील, असा याचा अर्थ.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार ॲग्रिगेटरनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीला द्यायची आहे. मात्र ती कामगारांना दिलेल्या एकूण मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक असणार नाही. गिग कामगाराची कायदेशीर व्याख्या प्रथमच या संहितेत आली. ती व्याख्या सांगते की, पारंपरिक मालक-नोकर संबंधांबाहेर राहून काम करून कमावणारी व्यक्ती म्हणजे गिग कामगार. या एका वाक्याने त्याला ओळख मिळाली आणि त्याच वाक्याने किमान वेतन व कामाचे तास यांबाबतचे नोकरदाराचे हक्क त्याच्यापासून दूर राहिले.

महाराष्ट्राचा जुना धडा

मालक निश्चित नसलेल्या कामगाराला संरक्षण कसे द्यावे, हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या बाजारपेठांत डोक्यावरून ओझी वाहणारे माथाडी दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलत. कोणताही एक व्यापारी त्यांचा मालक नव्हता, त्यामुळे कोणीच जबाबदार नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. व्यापारी आणि कामगार या दोघांची नोंदणी मंडळाकडे करण्यात आली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळात भरायची. त्यातून मंडळाने मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार आणि वैद्यकीय मदत द्यायची, अशी ही व्यवस्था. नोंदणी, मंडळ आणि मोबदल्यावर लेव्ही हीच त्रिसूत्री राजस्थान व कर्नाटकच्या कायद्यांत दिसते.

मुंबईच्या गोदीचा अनुभव याहूनही पुढचा आहे. जहाज लागले तर काम, नाही तर रिकाम्या हाताने घरी, अशी गोदी कामगाराची स्थिती होती. १९४८ च्या गोदी कामगार (रोजगार नियमन) कायद्याने योजना आखताना एक तत्त्व मान्य केले : कामगार कामासाठी हजर असूनही काम उपलब्ध नसेल, तर त्या काळासाठीही त्याला किमान मोबदला मिळावा. म्हणजे प्रतीक्षेला मोल आहे, हे सूत्र भारतीय कायद्यात स्वातंत्र्यानंतर लगेचच आले होते.

कर्नाटकचा कायदा माथाडी मंडळापर्यंत पोहोचतो, गोदीपर्यंत पोहोचत नाही. कल्याण शुल्क प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर आकारले जाते. वरील उदाहरणात १ टक्का दराने दिवसाचे शुल्क ६ रुपये होईल. कामगाराने प्रतीक्षेत १ तास घालवला की ४ तास, त्याने या ६ रुपयांत काहीही फरक पडत नाही.

प्रतीक्षेचा मोबदला देणे शक्य आहे का?

कंपन्यांची भूमिका अशी की, गिग काम हे स्वातंत्र्याचे काम आहे. विद्यार्थी संध्याकाळी दोन तास काम करतो, कुणी नोकरीनंतर, तर कुणी केवळ रविवारी. एकाच वेळी दोन-तीन ॲप सुरू ठेवणाऱ्याच्या प्रतीक्षेचे पैसे कोणी द्यायचे, हा त्यांचा प्रश्नही रास्त आहे. केवळ ॲप सुरू ठेवण्याचे पैसे मिळू लागले, तर काम न स्वीकारता बसून राहण्याची प्रवृत्ती वाढेल, अशीही भीती व्यक्त होते.

या आक्षेपांना जगात काही उत्तरे शोधली गेली आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबर चालकांबाबत निर्णय देताना, चालक आपल्या क्षेत्रात ॲप सुरू करून प्रवासी घेण्यास तयार असतो तो काळ कामाचाच मानला. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये जेवण पोहोचवणाऱ्यांसाठी किमान दर ठरवला. सुरुवातीला तो तासाला १७.९६ डॉलर होता आणि त्याच्या हिशेबात ऑर्डरचा व प्रतीक्षेचा असा दोन्ही वेळ धरला गेला. त्याचे परिणाम एकतर्फी नव्हते. मोबदला वाढला, पण कंपन्यांनी एका वेळी किती जणांनी ॲपवर उपलब्ध राहायचे यावर मर्यादा आणली आणि काहींनी टिप देण्याचा पर्याय ऑर्डर दिल्यानंतरच दिसेल अशी रचना केली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. प्रतीक्षा फुकट असेल, तर गरजेपेक्षा अधिक कामगार रस्त्यावर उभे करणे कंपनीला काहीच महाग पडत नाही. उलट ऑर्डर झटपट पोहोचते. प्रतीक्षेला दर लागला की, नेमके किती जण हवेत याचा विचार कंपनीला करावा लागतो. दहा मिनिटांत वस्तू मिळण्यामागे केवळ तंत्रज्ञानाची किमया नाही. जवळच्या गोदामाबाहेर आधीच कोणीतरी वाट पाहत बसलेले असते, हेही त्यामागचे कारण आहे.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस देशातील गिग कामगारांनी संपाची हाक दिली, तेव्हा 'दहा मिनिटांत' या वचनाला त्यांचा मुख्य विरोध होता. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांशी चर्चा केल्यानंतर ब्लिंकिटने हे वचन आपल्या जाहिरातीतून वगळले. त्यामुळे घाईचा दबाव काही अंशी कमी होऊ शकेल, प्रतीक्षेचा प्रश्न मात्र तेथेच राहतो.

ग्राहकाच्या बिलात काय दिसते?

ग्राहकाची बाजूही विचारात घ्यावी लागेल. २०२३ मध्ये प्रत्येक ऑर्डरमागे २ रुपयांपासून सुरू झालेले 'प्लॅटफॉर्म शुल्क' पुढे वाढत गेले. वितरण शुल्क, हाताळणी शुल्क, पावसाचे शुल्क अशा ओळी बिलात दिसतात. परंतु त्यांतील किती रक्कम प्रत्यक्ष कामगाराला मिळते, हे ग्राहकाला सहसा समजत नाही. आपण दिलेले जादा पैसे पोहोचवणाऱ्याच्या हाती जातात, हा अनेकांचा समज बिलावरून पडताळून पाहता येत नाही.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारच्या ऑनलाइन क्लृप्त्यांवर, म्हणजे 'डार्क पॅटर्न'वर, बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी शुल्के जोडणे, ग्राहकाने न मागितलेली वस्तू किंवा देणगी बिलात घालणे, खोटी घाई निर्माण करणे यांचा त्यात समावेश आहे. असा अनुभव आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. गिग कामगारांना केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करता येते. त्याची मदतवाहिनी १४४३४ आहे.

ग्राहकाच्या हाती आणखी एक साधन आहे, ते म्हणजे रेटिंग. हॉटेलातून पदार्थ उशिरा निघाला आणि राग पोहोचवणाऱ्यावर निघाला, तर एका ताऱ्याचा परिणाम त्याच्या पुढच्या कामावर होऊ शकतो. रेटिंगचे निकष कामगाराला सांगण्याचे बंधन कायद्याने कंपनीवर घातले आहे. तारा देण्यापूर्वी दोष कोणाचा, हे पाहण्याचे बंधन मात्र ग्राहकाने स्वतःवरच घालायचे आहे.

पुढील कसोटी

कायद्याचे यश निधीत किती कोटी जमा झाले, यावरून मोजले जाईल. ते आवश्यकच आहे. अपघातानंतर विम्याची रक्कम हाती येणे हे कुटुंबासाठी मोठे बळ असते. तथापि, मंडळाकडे प्रत्येक व्यवहाराची नोंद येणार आहे, तर तिच्याबरोबर ॲपवरील उपलब्धतेचे तासही नोंदवून घेता येतील. ते आकडे कंपन्यांकडे आजही असतात. ते मंडळापुढे आले, तर प्रत्यक्ष तासाची मिळकत किती, हे अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने सांगता येईल आणि किमान दराची चर्चा त्या आधारावर करता येईल.

माथाडी कामगाराच्या डोक्यावरचे ओझे दिसत होते, म्हणून त्याचा दर ठरवता आला. प्रतीक्षेचे ओझे दिसत नाही. ते आधी मोजले गेले पाहिजे. त्याचा दर ठरवणे ही त्यानंतरची पायरी आहे.